शेडवरच्या मशीनची फाइल

मखमलाबाद, नाशिक
५ एप्रिल २००९

चि. दिशा हिला अनेक आशीर्वाद.

माझं अक्षर बघून दचकू नकोस. घरी कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही. तुझा परदेशातला पत्ता ज्योत्स्ना मॅडमकडून घेतला. नाशिक रोडला कॉम्प्युटरचा क्लास चालवतात, अंबडला तुझ्याबरोबर नोकरीला होत्या, त्याच. त्या म्हणाल्या, "काका, ई-मेल करा, दोन मिनिटांत पोचेल." मी म्हटलं, ई-मेल न वाचता पुसता येतो. कागद फाडायचा म्हटला तरी आधी हातात घ्यावा लागतो.

तर कामाचं लिहितो. पॉलिहाऊसच्या शेडवर तू जे मशीन बसवून गेलीस ते चालू आहे. आतलं तापमान दाखवतं, धुक्यासारखं पाणी उडवणारे फॉगर सुरू-बंद करतं. फक्त फॉगरचा प्रोग्राम रोज सकाळी कोणालातरी हाताने सुरू करावा लागतो. तू होतीस तेव्हा तू करायचीस. आता मी करतो. पण माझा डावा गुडघा हल्ली ऐकत नाही, घरापासून शेड किलोमीटरभर लांब, आणि मोटरसायकलला तुझी आई हात लावू देत नाही. म्हणून घरच्या कॉम्प्युटरवरून फोनच्या लाइनीने शेडवरच्या मशीनमध्ये शिरायला शिकलो. हसू नकोस, एकट्याने शिकलो.

अडचण अशी की लाइन तुटली की मी इथून सुरू केलेला प्रोग्रामही तिकडे बंद पडतो. मागच्या मंगळवारी जेवायला उठलो, लाइन कधी तुटली कळलंच नाही. दोन तास फॉगर बंद, आत एक्केचाळीस डिग्री. डच गुलाबाच्या दोन ओळी गेल्या. कळ्या शेंड्याला काळ्या पडल्या आणि माना टाकल्या.

ज्योत्स्ना मॅडम म्हणतात, यावर 'स्क्रीन' नावाचा प्रोग्राम मिळतो. तो शेडवरच्या मशीनमध्येच बसून राहतो. आपलं काम त्याच्या पोटात सुरू करायचं. लाइन तुटली तरी काम आत चालूच, आणि आपण परत आलो की जिथे सोडलं होतं तिथून समोर. एका पडद्यावर तीन-चार खिडक्याही करता येतात म्हणे. पण तुझ्या मशीनवर ती जी निक्सओएस की काय नावाची सिस्टीम आहे, ती त्यांना नीट माहीत नाही. म्हणाल्या, दिशालाच विचारा.

म्हणून विचारतो. नाही सांगितलंस तरी हरकत नाही. अठ्ठावीस वर्षं कारखान्यात मेंटेनन्सला काढली आहेत, जपानी मशीनसुद्धा पुस्तक न उघडता चालू केली आहेत.

गेल्या वर्षी मे महिन्यात जरा बोलाचाली झाली, ती झाली. उन्हाळ्यात माणसाचं डोकं तापतं. ते आता उगाळायचं कारण नाही.

तुझी आई बरी आहे. दर रविवारी शेजारच्या मालनबाईंकडे मेथी निवडायला जाते आणि तासाभराने लाल डोळ्यांनी परत येते. एवढी मेथी दर रविवारी कुठून येते, हे मी विचारलेलं नाही.

तुझे,
बाबा

मखमलाबाद
१६ एप्रिल २००९

चि. दिशा हिला आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं नाही, आणि मी वाटही बघत नाही. आपला पोस्टमन गोटीराम साडेअकराला येतो. त्या वेळी मी फाटकाशी असतो, पण ते शेवग्याला पाणी घालायला.

हे पत्र तुला सांगायला की तुझ्यावाचून काम झालं. स्क्रीन बसला! पहिले दोन दिवस तो मशीनला सापडेचना. आणून ठेवला तर म्हणे असा प्रोग्रामच नाही. मग मी कारखान्यात करायचो तेच केलं, जिथे अडलं तिथे वायर थेट जोडली. प्रोग्राम एका जागी ठेवला, मशीन चालू होताना जी कामांची यादी वाचतं ती यादी शोधून काढली, ती फाइल बाजूला सारून तिच्या जागी माझी ठेवली. मशीन चालू झालं की स्क्रीन आपोआप चालू, स्क्रीनच्या पोटात फॉगर आपोआप चालू. ज्योत्स्ना मॅडमना फोनवर सांगितलं तर त्या नुसत्याच "हं" म्हणाल्या. बायकांना दुसऱ्याचं कौतुक करायला जड जातं. (तुझी आई मागे उभी राहून वाचते आहे. हे वाक्य खोडायला सांगते आहे. खोडणार नाही.)

मी तीन खिडक्या केल्या आहेत. पहिलीत तापमान, दुसरीत फॉगर. कंट्रोल आणि ए दाबून मग आकडा दाबला की खिडकी बदलते. आणि कंट्रोल-ए दाबून मग डी दाबला की आपण बाहेर, काम आत चालू. काल मुद्दाम फोनची वायर उपटून बघितली. अर्ध्या तासाने परत जोडून आत शिरलो तर सगळं जागच्या जागी. मी एकटाच टाळ्या वाजवल्या.

तिसरी खिडकी रिकामी आहे. या स्क्रीनमध्ये दोन माणसं दोन गावांहून एकाच पडद्यावर येऊ शकतात. एकाने लिहिलं की दुसऱ्याला तिथल्या तिथे दिसतं. दोघांनाही त्याच खिडकीत लिहिता येतं. मॅडमनी सांगितलं म्हणून तुला कळवलं, बाकी काही नाही. तुझं खातं मशीनवर अजून आहे.

इकडे दुपारचा एक वाजतो तेव्हा तुझ्याकडे सकाळचे साडेनऊ झालेले असतात, एवढं मी काढलं आहे.

तुझे,
बाबा

मखमलाबाद
२९ एप्रिल २००९

दिशा,

आशीर्वाद वगैरे पुढच्या पत्रात लिहीन. आज डोकं ठिकाणावर नाही.

तू मशीनमध्ये येतेस आणि माझं काम पुसून जातेस. मला कळत नाही असं समजू नकोस.

पहिल्यांदा झालं तेव्हा वाटलं, माझीच काही चूक. सकाळी आत शिरलो तर स्क्रीन नाही, खिडक्या नाहीत, माझी यादी गायब आणि तुझी जुनी यादी जशीच्या तशी जागेवर. पुन्हा बसून सगळं लिहिलं. चार दिवसांनी परत तेच. तिसऱ्या वेळी मी माझी यादी वहीत उतरवून ठेवली, म्हणजे कोणी मला खुळ्यात काढायला नको. आज पुन्हा पुसलेली. अक्षर न अक्षर तुझी जुनी यादी.

मशीनला माहीत असणारी माणसं दोन. एक मी, एक तू. मी माझंच काम पुसायला मला वेड लागलेलं नाही. मग राहिलं कोण?

तुला माझा राग आहे ना, तर पत्र लिही, फोन कर, चार शब्द सुनाव. तुझ्या आईशी दर रविवारी बोलतेस, पाच मिनिटं माझ्याशीही बोल. पण हे असं चोरासारखं यायचं, बापाने दुखऱ्या गुडघ्याने बसून केलेलं काम एका झटक्यात उलटं करायचं आणि गुपचूप निघून जायचं, हे मी तुला शिकवलेलं नाही. गुलाबांनी तुझं काय घोडं मारलं? आज तिसरी ओळ गेली.

आलीच होतीस तर त्या रिकाम्या खिडकीत एक अक्षर टाकून जायचं होतंस.

बाबा

मखमलाबाद
१० मे २००९

चि. दिशा हिला अनेक आशीर्वाद.

मागचं पत्र मिळालं असेल तर फाडून टाक. मिळालं नसेल तर मिळाल्यावर फाड.

तू आली नव्हतीस. माझं काम तू पुसलं नव्हतंस. कोणीच पुसलं नव्हतं.

मी ज्योत्स्ना मॅडमना जाऊन तुझी तक्रार केली होती. त्या चार दिवस काहीतरी वाचत बसल्या आणि रविवारी स्वतः शेडवर आल्या. मशीनपुढे बसून म्हणाल्या, "काका, कोण कधी आत आलं याची नोंद मशीनमध्ये असते. ती आधी बघू." पडद्यावर यादी आली. चिमाजी, चिमाजी, चिमाजी, पानंच्या पानं नुसता मीच. मॅडम खाली खाली जात राहिल्या आणि मी चष्मा पुसत राहिलो. तुझं नाव शेवटचं दिसलं ते १९ ऑगस्ट २००८ला. त्यानंतर तू एकदाही आलेली नाहीस.

मॅडमना वाटलं, संशय फिटला म्हणून मला हायसं वाटलं. तुला खरं सांगतो. तुझ्यावर चिडलो होतो ते बारा दिवस माझे बरे गेले होते. रोज सकाळी मशीन चालू करताना वाटायचं, बघू आज काय खोडी केली आहे पोरीने. वर वर शिव्या देत होतो, पण तू येतेस, रात्रीतून का होईना येऊन जातेस, हे धरून बसलो होतो. ती यादी बघितल्यावर ते गेलं. मॅडमसमोर डोळे भरून आले, मी फॉगरचं पाणी उडालं म्हणून सांगितलं. फॉगर पलीकडे गुलाबांच्या बाजूला आहेत, हे त्यांना दिसत होतं.

मग त्यांनी खरा प्रकार समजावला. म्हणाल्या, "काका, या सिस्टीममध्ये मशीनला परस्पर हात लावायचाच नसतो. एक मुख्य फाइल असते. मशीनवर कुठले प्रोग्राम हवेत, कोणती कामं आपोआप व्हायला हवीत, कोणाकोणाला आत येता यावं, हे सगळं तिच्यात लिहायचं आणि मग मशीनला सांगायचं, याप्रमाणे हो. चालू होताना ते दर वेळी स्वतःला तसंच मांडून घेतं. तुम्ही मध्येच घुसवलेली यादी त्याच्या लेखी नाहीच. वीज गेली, मशीन बंद पडलं, परत चालू झालं, की तुमचं काम साफ."

भारनियमन तर तुला माहीत आहे. दर चार दिवसांनी यूपीएस मान टाकतो.

अठ्ठावीस वर्षं मी काय केलं? पॅनेल बंद पडलं की आत हात घालायचा, वायर फिरवायची, मोटर फिरली की चहा प्यायला जायचं. ड्रॉइंगमध्ये तो बदल कोणी करायचा? कोणी नाही. अंबडच्या प्रत्येक कारखान्यात हेच चालतं, ड्रॉइंग एक आणि पॅनेल दुसरंच. माझ्या हाताखालची चार माणसं हेच शिकली. आणि हे मशीन म्हणतं, ड्रॉइंग तेवढं खरं. मॅडमना मी तसं म्हटलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, "बरोब्बर, काका. आता ड्रॉइंग उघडू या."

ती फाइल उघडली. इथून पुढचं लिहायला मला तीन दिवस लागले आहेत.

फाइलीत जागोजागी इंग्रजी अक्षरांत मराठी टिपा आहेत. मशीन त्या वाचत नाही, माणसाने वाचायच्या. एका जागी लिहिलं आहे, "बाबा, पाण्याची वेळ इथे बदला. बाकीच्या ओळींना हात लावू नका." दुसरीकडे, "बाबांना बारीक अक्षर दिसत नाही, पडद्यावरचं अक्षर मोठंच ठेवायचं." आणखी खाली, "बाबा दुपारी एक ते तीन झोपतात, तेव्हा भोंगा वाजवायचा नाही." मला बरं वाटलं. पोरीने बापाची झोपसुद्धा फाइलीत लिहिली. तसं मी मॅडमना म्हणालोही.

त्या म्हणाल्या, "काका, प्रत्येक टिपेखाली 'कि' लिहिलं आहे. हे दिशाचं नाही. हे किशोरचं काम आहे. मशीन दोघांनी बसवलं, पण फाइल त्याने लिहिली. तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं. म्हणजे गेलं वर्षभर माझे गुलाब त्याच्या अक्षरावर जगले. माझ्या झोपेची काळजी त्याने घेतली होती, ज्याचं नाव या घरात काढायचं नाही असं मी बजावून ठेवलं होतं.

आणि फाइलीच्या शेवटी, जिथे आत येणाऱ्या माणसांची नावं आहेत तिथे, आधी मी, मग तू, आणि तुझ्याखाली एक टीप: "किशोरचं खातं काढलं. मशीन बाबांच्या घरचं आहे, त्यांना चालणार नाही. १९ ऑगस्ट २००८. कि."

त्याच दिवशी तू शेवटची आली होतीस. तुमचं विमान दुसऱ्या दिवशी होतं, ते मला मागाहून कळलं. जाण्याआधी तुम्ही दोघं तुझ्या खात्यातून आत आलात आणि त्याने आपलं नाव स्वतःच्या हाताने काढलं. मी सांगितलंही नव्हतं. सांगायची गरज त्याने ठेवली नाही.

आईने आज विचारलं, जेवत का नाही. मी म्हटलं, ऊन लागलं.

तुझे,
बाबा

मखमलाबाद
२४ मे २००९

चि. दिशा हिला अनेक आशीर्वाद.

आजचं पत्र छोटं आहे.

स्क्रीन आता रीतीने बसला. फाइलीत प्रोग्रामांच्या यादीत त्याचं नाव लिहिलं, आपोआप चालणाऱ्या कामांत फॉगर घातला, मशीनला सांगितलं, याप्रमाणे हो. नंतर मी मुद्दाम मेन स्विच खाली ओढला. आपला फकिरा बाहेर पाइप धुत होता, तो ओरडला, "मालक, लाइट गेली!" मी म्हटलं, जाऊ दे. पाच मिनिटांनी स्विच वर केला. मशीन उठलं, स्क्रीन उठला, तिन्ही खिडक्या उघडल्या, फॉगरने फुर्र केलं. फकिरा म्हणाला, "लय भारी काम झालं, मालक." त्याला कळलं काही नाही, पण निदान "हं" नाही म्हणाला.

दुसरं काम. नावांच्या यादीत तुझ्याखाली मी एक नाव लिहिलं. मॅडम लिहून देणार होत्या, मी म्हटलं, राहू द्या, मी लिहितो. दोन बोटांनी सहा इंग्रजी अक्षरं लिहायला किती वेळ लागावा? मला लागला. खातं काढल्याची ती टीप मी पुसली. मग मशीनला सांगितलं, याप्रमाणे हो, तर ते नाहीच म्हणालं. ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यायचा राहिला होता. तेवढ्यासाठी अडून बसलं, माझ्या वरताण हट्टी. अर्धविराम दिला, मग झालं.

आता त्या नावाने आत शिरायला पासवर्डसारखी एक किल्ली लागते. ती ज्याची त्यानेच बनवून पाठवायची असते, इकडून बनवता येत नाही. ज्योत्स्ना मॅडमच्या ई-मेलवर पाठवली तर त्या फाइलीत लावतील. तुम्हाला गरज वाटली तर पाठवा. मॅडमना मी सांगितलं आहे की फॉगरच्या प्रोग्राममध्ये काही दुरुस्ती निघाली तर त्याला आत येता यावं, एवढ्यासाठी.

रोज दुपारी एक वाजता मी तिसऱ्या खिडकीत बसतो. झोप आता तीननंतर घेतो.

तुझे,
बाबा

मखमलाबाद
१४ जून २००९

चि. किशोर यांना,

'चिरंजीव' लिहावं की 'श्रीयुत', यात माझा अर्धा तास गेला. शेवटी चिरंजीव लिहिलं. तुम्हाला खटकलं तर खोडा.

दिशाने तुम्हाला सांगितलं असेलच, तरी माझ्या बाजूने सांगतो. किल्ली आली होती, मॅडमनी लावली. किल्लीखाली एक शब्दही नव्हता. मग नऊ दिवस मी रोज एक ते तीन त्या रिकाम्या खिडकीपुढे बसलो. शुक्रवारी, एक वाजून वीस मिनिटांनी, पडद्याच्या कोपऱ्यात आलं की तुमच्या नावाने कोणीतरी आत आलं आहे. मी सुलाबाईंना हाक मारली, म्हणजे दिशाच्या आईला. त्या हातातली परात तशीच घेऊन धावत आल्या.

पडद्यावर अक्षरं उमटली. "नमस्कार."

मी लिहिलं, "नमस्कार. मी चिमाजी खोडे बोलतो." लिहून झाल्यावर लक्षात आलं की हा फोन नव्हे. मग जे लिहायचं ठरवलं होतं ते लिहिलं. महिनाभर वहीत लिहून, खोडून, पाठ केलं होतं. प्रत्यक्षात एवढंच जमलं: "किशोर, माझं चुकलं. तुमच्या वडिलांशी मी वागलो ते चुकलं. तुमच्याशी वागलो तेही चुकलं."

ते पांढरं चौकट-टिंब नुसतं लुकलुकत होतं. सुलाबाई म्हणाल्या, "लाइन गेली का हो?" मी म्हटलं, लाइन गेली तरी आत लिहिलेलं राहतं.

मग आलं: "बाबा, मी दिशा. किशोर कामावर गेला. मी त्याच्या नावाने आले."

मी विचारलं, तुझं नाव होतंच की मशीनवर. कधीही येता आलं असतं.

तिने लिहिलं, "होतं. पण माझं एकटीचं होतं."

सुलाबाईंनी परात खाली ठेवली आणि माझ्या खुर्चीच्या दांडीला धरून रडायला लागल्या, आणि मीही लाज सोडून रडलो. तिकडे तीही रडत असणार, कारण तिची पुढची दोन वाक्यं धड नव्हती. मग तिघांनी मिळून फॉगरचं तापमान अठ्ठावीसवर आणलं. काहीतरी करायला हवंच होतं.

ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं की माफी चुकीच्या माणसाला पोचली. ती तुमची होती आणि मुलीने वाचली. म्हणून हे पत्र तुम्हाला. आणि यात सगळं लिहितो, कारण खिडकीत मी तीन ओळींत उरकलं होतं, आणि मुलीला पहिल्या पत्रात तर नुसतं "बोलाचाली झाली" असं लिहिलं होतं. बोलाचाली झाली नव्हती. बोललो मी एकटाच होतो.

गेल्या वर्षी मे महिन्यात, तुम्ही दोघांनी रजिस्टर लग्न केल्यावरच्या रविवारी, तुम्ही तुमच्या वडिलांना, मंगळूभाऊंना घेऊन माझ्याकडे आलात. सुरगाण्याहून पहाटे निघून, जीपने, मग बसने. मंगळूभाऊंच्या खांद्यावर घरच्या तांदळाचं पोतं होतं. मी खिडकीतून बघितलं आणि फाटकाला आतून कडी घातली. सुलाबाईंना म्हणालो, बाहेर पाऊल टाकलंस तर बघ. अकरा ते एक तुम्ही दोघं उन्हात उभे होतात. मी आत क्रिकेट लावून बसलो होतो. कोण खेळत होतं, हे मला त्याच दिवशी संध्याकाळी आठवत नव्हतं.

एक वाजता मी फाटकाशी आलो आणि सगळी आळी ऐकेल अशा आवाजात बोललो. काय बोललो ते तुम्हाला पाठ असेल. मलाही आहे. "डोंगरातून उतरलात म्हणजे माझ्या घरात शिराल असं समजू नका. जंगलातल्या माणसांशी आम्ही सोयरीक करत नाही." तुम्ही खाली बघितलंत. मंगळूभाऊंनी नाही बघितलं. ते म्हणाले, "भाऊ, आमी काय मागाय नाय आलो. घरचा तांदूळ हाय, पोरीच्या घरी रिकाम्या हातान कसा यावा? ह्यो ठेवतो." पोतं फाटकाशी टेकवलं, मला हात जोडले आणि तुम्हाला घेऊन गेले.

मी फकिराला सांगितलं, हे पोतं कुणालातरी देऊन टाक. त्याने ते सुलाबाईंना दिलं. पुढे दोन महिने आमच्या घरात तो भात शिजला. मी जेवताना म्हणायचो, हल्ली तांदूळ चांगला आणतेस, आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायचो. सुलाबाईंनी मला हे मागच्या महिन्यात सांगितलं, मी फाइलीचं सांगितलं तेव्हा. इतके दिवस गप्प कशी राहिलीस, म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "तुम्ही तरी कुठे विचारलं, कुठून आणला?"

हे मी तुम्हाला हसवायला लिहीत नाही. हसलात तर मला बरंच वाटेल.

येत्या बुधवारी मी सुरगाण्याला जाणार आहे. पेठ नाक्यावरून जीप मिळते, चौकशी केली आहे. सुलाबाई बरोबर येतात. मंगळूभाऊंना आगाऊ निरोप दिलेला नाही आणि तुम्हीही देऊ नका. त्यांनी मला अंगणात उभं ठेवलं तर मी उभा राहीन. गुडघ्याची गोळी घेऊन जातो. भेट कशी झाली ते तुम्हाला त्यांच्याकडूनच कळू द्या, मी सांगितलं तर माझ्या सोयीचं तेवढंच सांगेन.

तुम्ही मला काय म्हणावं, हे तुम्ही ठरवा. फाइलीत बाबा लिहिलं होतंत. तेव्हा ते मी कमावलेलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट खोटी लिहिली होती, ती दुरुस्त करतो. तुमचं नाव फॉगरच्या दुरुस्तीसाठी घातलं असं मी मॅडमना सांगितलं आणि दिशालाही तसंच कळवलं. फॉगरला दुरुस्तीची गरज नाही. सगळं नीट चालतं आहे, वीज गेली तरी उठतं, आणि काही अडलंच तर आता मला फाइल वाचता येते. कामासाठी तुमची मला गरज नाही, किशोर. नाव तरी तिथेच राहील. तुम्ही या पत्राला उत्तर दिलं नाहीत तरी.

आपला,
चिमाजी खोडे